मुलांना जंतू दाखवायचे कसे? मिरपूड, रांगोळी की भाकरी

सहा वर्षांचं मूल न दिसणाऱ्या गोष्टीसाठी हात धुवायला उठत नाही. जंतू तर दिसतच नाहीत, म्हणून काहीतरी दाखवावं लागतं. मी सोलापूरच्या पूर्व भागात पहिली-दुसरीला शिकवते. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं पुष्कळ, त्यामुळे नुसतं बोलून भागत नाही. तीन प्रयोग वर्गात करून पाहिलेत. घरी किंवा शाळेत एकच करायचा असेल तर कोणता घ्यावा, त्यासाठी हे लिहिते आहे.

मिरपुडीचा प्रयोग सगळ्यांत सोपा. ताटलीत पाणी घ्यायचं, वर पूड भुरभुरायची, साबण लावलेलं बोट मधोमध टेकवायचं. पूड झर्रकन कडेला पळते, मुलं टाळ्या वाजवतात. तरीही मी तो सोडून दिला. पूड पळते ती पृष्ठताणामुळे. साबण लागतो तिथे पाण्याचा ताण कमी होतो आणि भोवतीचं पाणी पूड ओढून नेतं. जंतू काही साबणाला भिऊन पळत नाहीत. ते हाताच्या तेलकट थरात अडकलेले असतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि नीट चोळलं की मळ, तेल, जंतू सगळं सुटून वाहून जातं. म्हणजे खरं काम चोळण्याचं आणि पाण्याचं, आणि ताटलीत नेमकं तेच दिसत नाही. हा प्रयोग केला त्या दिवशी एक मुलगा खिचडीच्या आधी साबणाच्या वडीला नुसतं बोट लावून पंगतीत येऊन बसला. त्याने पाहिलं तेच केलं होतं, चूक माझी होती.

रांगोळीचा खेळ मला सगळ्यांत जवळचा. तळहाताला थोडं खोबरेल तेल, त्यावर चिमूटभर रंगीत रांगोळी, आणि वर्ग नेहमीसारखा चालू ठेवायचा. वह्या वाटा, खडू द्या, दाराची कडी लावा. दहा मिनिटांनी रंग कुठे कुठे पोचला ते मुलांनीच शोधायचं. बाकावर सापडतो, पाण्याच्या बाटलीवर सापडतो, आणि कुणाच्या तरी नाकावर हमखास. मग अर्ध्यांनी नुसत्या पाण्याने हात धुवायचे, अर्ध्यांनी साबणाने. नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्यामागे राहिलेला रंग पाहून साबण कशाला हवा ते वेगळं सांगावं लागत नाही. तेवढा वेळ डोळे मात्र चोळू देऊ नका, रांगोळी चुरचुरते. चमकी टाळा, ती प्लॅस्टिकची असते आणि गटारात जाते. हळदही नको. साबण लागला की ती लाल होते, आणि पुढचा सगळा तास ‘बाई, लाल का झालं?’ यातच जातो. प्रश्न चांगलाच आहे, पण त्याला वेगळा तास द्यायला हवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रंग पहिल्यांदा कुणाच्या हाताला लावायचा ते आधीच ठरवा. मी एकदा एका मुलीच्या हाताला लावला, आणि दोन दिवस तिच्या शेजारी कुणी बसेना. जंतू शिकवता शिकवता मी विटाळ शिकवून बसले होते. तेव्हापासून सुरुवात माझ्या हातापासून होते.

भाकरीचा प्रयोग चौथीपासून पुढे. मऊ ज्वारीची भाकरी एका पारदर्शक पिशवीत, आपली कडक भाकरी दुसऱ्या पिशवीत, दोन्ही घट्ट बंद. काही दिवसांत मऊ भाकरीवर बुरशी धरते, कडक तशीच राहते. बुरशीला ओल लागते, हे सोलापूरच्या मुलाला याहून जवळच्या वस्तूने दाखवता येणार नाही. पिशवी उघडायची नाही, तशीच टाकून द्यायची. धुतलेल्या आणि न धुतलेल्या हातांनी पाव धरून तुलना करायचा प्रकारही आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बुरशीचे बीजाणू हवेतूनही येतात, आणि कधी धुतलेल्या हाताचा पावच आधी हिरवा होतो. शिवाय सर्दीचा विषाणू भाकरीवर वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. तेवढं तोंडी सांगा.

‘वीस सेकंद हात धुवा’ म्हटलं की आया पाण्याचं विचारतात, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते रास्तच आहे. वीस सेकंद चोळायचं आहे, पाणी सोडून ठेवायचं नाही. हात ओले करा, तांब्या खाली ठेवा, फेस करून चोळा, मग धुवा. आणि हात कोरडे करा, ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात. जगाला टॉवेल पुरवणाऱ्या आपल्या गावात मुलाला स्वतःचा एक छोटा टॉवेल मिळायला हरकत नाही.

तर पहिली ते तिसरीला रांगोळी, चौथीपासून भाकरी, आणि मिरपूड पुढे पृष्ठताण शिकवताना. रांगोळीचा खेळ मी जूनमध्ये घेते आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी पुन्हा एकदा. जत्रेत मुलं पाळण्याची दांडी धरतात आणि त्याच हाताने भजी खातात. तिथे पाणी-साबण नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर चालेल, तेही आपल्या देखत. धुळीने माखलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोविषाणूवर त्याचा भरवसा नाही, म्हणून घरी परतल्यावर आधी मोरी गाठायची.