काळ्या दगडाचं वॉल कंपाउंड : नागपुरात आठ महिने वापरल्यानंतर

होळीच्या आठवड्यात घरासमोरच्या भिंतीचं काम काढलं, आता दिवाळीही होऊन गेली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतीने पाहिला, म्हणून आता लिहिते आहे. भिंत मला मनापासून आवडते. पण पैसे नेमके कुठे लागतात, हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर घरातली बरीच चिडचिड वाचली असती.

आमचा प्लॉट बेसा रोडच्या बाजूला आहे, समोरून 40 फूट. मोठं गेट 10 फुटांचं आणि छोटं 3 फुटांचं, म्हणजे भिंत उरली 27 फूट. उंची 4 फूट, जाडी 15 इंच. गुणाकार केला तर 135 घनफूट, म्हणजे जेमतेम 1.35 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पहिल्या ठेकेदाराने याच हिशेबाने, 2 फुटांचा पाया धरून, 58 हजार सांगितले. आम्हीही खूश झालो.

नंतर जे मिस्त्री आले, त्यांनी आधी कोपऱ्यात खड्डा खोदायला लावला. दोन फुटांवर काळी माती, तीन फुटांवरही काळीच. मुरूम लागला चार फुटांवर. ते म्हणाले, "ताई, ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. हिच्यावर भिंत ठेवाल तर भिंत तिच्यासोबत हलंल." शेजारच्या प्लॉटची विटांची भिंत बाहेर झुकली आहे, ती रोज दिसत होतीच. म्हणून चार फूट खोदलं, खाली फूटभर मुरूम धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून, भरला, त्यावर सहा इंच काँक्रीट आणि मग अडीच फूट उंच, दोन फूट रुंद दगडी बांधकाम. त्याचा हिशेब पुन्हा 135 घनफूटच येतो! म्हणजे जितकी भिंत लोकांना दिसते, तितकीच जमिनीखाली गाडलेली आहे. फोडणीत आणि घडणीत दगड वाया जातो, त्यामुळे पावणेतीन ब्रास बांधकामाला जवळपास साडेतीन ब्रास दगड मागवावा लागला.

शेवटी खर्च गेट सोडून 84 हजारांवर गेला. वाढीव 26 हजारांतले 17 हजार एकट्या पायात गेले. निघालेली माती ट्रॅक्टरने बाहेर टाकायला 3 हजार लागले, ते कुणाच्याच अंदाजात नव्हते. बाकीचे कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा थर) आणि पाईपमध्ये. दगड स्वतः तसा महाग पडला नाही. पश्चिम नागपूर बेसाल्टवरच वसलेलं आहे, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच, त्यामुळे काळा दगड आपल्याकडे लांबून आणावा लागत नाही. पैसा जातो तो घडणावळीत. चारही बाजूंनी घडवलेली खांडकी घेतली असती तर मजुरी फार वाढली असती, म्हणून आम्ही फक्त दर्शनी बाजू घडवून घेतली. आतल्या बाजूला ओबडधोबड डबर दिसतो, त्यावर मधुमालती सोडली आहे. मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवायचा आग्रह मात्र धरा. तो नसला की दोन्ही तोंडं वेगळी होऊन मधे पोकळी राहते.

तराईची, म्हणजे नवं सिमेंट पाणी मारून ओलं ठेवण्याची, एक चूक आमच्या हातून झाली. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरायचं काम एप्रिलमध्ये आलं. छोट्या गेटजवळचा पाच-सहा फुटांचा भाग भर दुपारी भरला गेला, आणि त्याच दिवशी आम्ही लग्नाला वर्ध्याला गेलो. बाकी भिंतीवर ओला बारदाना टाकून दहा दिवस पाणी मारलं, तिथे दोन दिवस काहीच नाही. आज त्या भागात गेटची किल्ली घासली की सिमेंट भुकटीसारखं गळतं. हातभर बाजूला तीच किल्ली घासली तर नुसता ओरखडा उमटतो. माल एकच, मिस्त्री एकच, फरक फक्त पाण्याचा.

मनस्ताप खरा दिला तो रस्त्याने. मे महिन्यात आमच्या गल्लीचा सिमेंट रोड झाला आणि तो जुन्या रस्त्यापेक्षा नऊ इंच वर आला. चार फुटांची भिंत बाहेरून सव्वातीन फुटांची झाली. अंगणातलं पाणी बाहेर जावं म्हणून तळाशी दोन इंची पाईपचे तुकडे ठेवले होते; जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच पाईपमधून रस्त्याचं पाणी आत आलं. तुळशीवृंदावनापर्यंत गढूळ पाणी पाहून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी पाईप बुजवले आणि आतून नाली काढून पाणी मागच्या शोषखड्ड्याकडे वळवलं. तो खड्डाही मुरुमापर्यंत खोदलेला आहे, नाहीतर काळ्या मातीत पाणी जिरत नाही. तुमच्या गल्लीत सिमेंट रोड व्हायचा बाकी असेल तर भिंत फूटभर उंच धरा, आणि गेटचा उंबराही त्याच मापाने.

भिंत मात्र तसूभर हलली नाही. आरसीसी कॉलम आणि दगडाच्या मधे मिस्त्रींनी अर्ध्या इंचाची फट मुद्दाम सोडली होती. पावसाळ्यानंतर मी तिथे पट्टी लावून पाहिली, फट वरपासून खालपर्यंत सारखीच आहे. मे महिन्यात संध्याकाळी दगड तापलेला असायचा, रात्री नऊपर्यंत शेजारी बसवत नव्हतं. आता सकाळच्या कोवळ्या उन्हात सासूबाई त्याच भिंतीला पाठ टेकून भाजी निवडतात. छोट्या गेटजवळच्या दरजा याच महिन्यात खरवडून नव्याने भरून घेणार आहोत, आणि त्या दहा दिवसांत कुणीही गावाला जाणार नाही.