स्क्रू कपलिंग की सीबीसी (सेंटर बफर कपलर)?
कॉलेज प्रकल्पासाठी रेल्वे डब्यांच्या जोडणीचं मॉडेल करायचंय, कोणती जोडणी घ्यावी, असं एकाने विचारलंय.

जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेच्या) डब्यांत ओढ घेतं स्क्रू कपलिंग, धक्का घेतात बाजूचे दोन स्प्रिंगवाले बफर. स्क्रू आवळला की बफर एकमेकांना दाबून राहतात, त्यामुळे गाडी सुटताना हिसका कमी. पण जोडायला माणसाला डब्यांच्या मधे शिरावं लागतं.

एलएचबीच्या (जर्मन रचनेच्या नव्या डब्यांच्या) सीबीसीत ओढ-धक्का दोन्ही मधल्या एकाच कपलरवर, मागचा ड्राफ्ट गियर ते पचवतो. डबे आपोआप अडकतात, अपघातात एकमेकांवर चढण्याची शक्यताही घटते. हिसके मात्र जाणवतात (सुरुवातीच्या एलएचबी गाड्यांतले प्रवासी सांगतील!).

स्प्रिंगचं काम दाखवायचं असेल तर स्क्रू-बफर घ्या. सगळं उघड्यावर दिसतं, बनवायलाही सोपं. विषय सुरक्षिततेचा असेल तर सीबीसी, फक्त नकल (कपलरचा अडकणारा, वळणारा जबडा) घडवायला वेळ ठेवा.