शंभरेक वर्षांचा हेरीझ गालिचा, रोजच्या वापरात कसा वाटला

आम्ही हॅम्बुर्गला असतो, इथल्या श्पायखरश्टाटच्या जुन्या गोदामांत इराणी गालिच्यांचा व्यापार कित्येक वर्षं चालत आलाय, तिथूनच गेल्या हिवाळ्यात हा हेरीझ घेतला. हेरीझ म्हणजे वायव्य इराणात तबरीझच्या पलीकडे, सबलान डोंगराच्या बाजूचा भाग.

जुना गालिचा बघायचा तर आधी उलटा करा. आमच्या गालिच्याच्या पाठीवर अख्खं डिझाइन स्वच्छ उमटलंय, गाठन् गाठ दिसते, आणि झालर वेगळी शिवलेली नाही, उभे सुती धागेच पुढे आलेत. गाठ तुर्की पद्धतीची, म्हणजे लोकर शेजारच्या दोन्ही उभ्या धाग्यांना वेढून मधून वर काढलेली. काशान-इस्फहान या इराणी शहरांतल्या गालिच्यांची नाजूक वेलबुट्टी इथे मिळणार नाही, हेरीझमधे वेलीसुद्धा सरळ रेषांत मोडलेल्या असतात, मधोमध भलंमोठं कोनाकोनाचं पदक, आणि मला खरं सांगायचं तर हीच धीट रेघ जास्त भावते.

लाल मंजिष्ठेचा, निळा निळीचा. सकाळी ऊन आलं की लाल भागात एका बाजूला विटकरी पट्टा दिसतो. लोकरीची नवी लड रंगवली की छटा जराशी बदलते, त्याला अब्राश म्हणतात. पाहुण्यांना तो डाग वाटतो, माझा मात्र सगळ्यात लाडका भाग तोच!! आणि गडद तपकिरी रेघांवरून बोट फिरवा, त्या खाली गेलेल्या लागतात, कारण त्या रंगात लोह वापरायचे आणि त्याने तेवढीच लोकर लवकर झिजते. आजूबाजूची लव अजून दाट आहे.

वापर म्हणाल तर बिनधास्त चालू आहे, पोरं वर लोळतात, चहा सांडला तेव्हा न घासता फडक्याने टिपून घेतला, काही राहिलं नाही. व्हॅक्युम फिरता ब्रश बंद करून, लवेच्या दिशेने, झालरीवर अजिबात नाही. खाली फेल्ट आहे. मधूनमधून फिरवून ठेवतो म्हणजे ऊन आणि पाय एकाच जागी पडत नाहीत. सोफ्याखालचा भाग मात्र उचलून बघत जा, कसर अंधारातच लागते.

तक्रार एकच, एका टोकाच्या गाठी सुटायला लागल्या होत्या ते विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. कारागिराकडून हाताने टाके घालून घेतले, आता पक्कं आहे. घेताना दोन्ही टोकं बघाच, तिथली एक ओळ सुटली की पुढच्या सुटायला वेळ लागत नाही.