यूएसएमएलईचं ‘कम्प्लीट पॅकेज’: नागपूरच्या मेडिकोंनो, सही करायच्या आधी हे वाचा

यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीची परवाना परीक्षा. तिचं ‘कम्प्लीट पॅकेज’ विकणारे कन्सल्टन्सीवाले सध्या फायनल इयर आणि इंटर्नशिपवाल्या पोट्ट्यापोट्टींच्या मागे हात धुऊन लागलेत म्हणून लिहिते आहे. लांब होईल, पण पूर्ण वाचा आणि घरी बाबांनाही वाचायला द्या, कारण शेवटी ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. कन्सल्टन्सीचं नाव टाकत नाहीये, तक्रार ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी सांगितलंय की निकाल लागेपर्यंत नाव कुठंच लिहायचं नाही. तसंही बोर्ड बदलायला यांना एक रात्र पुरते, त्यामुळे नावापेक्षा यांची पद्धत लक्षात ठेवलेली बरी.

यांचा शिरकाव होतो तो सीनियरकडून. अनोळखी नंबरवरून फोन आला तर आपण कटच करतो ना, म्हणून हे हॉस्टेलमधलाच एखादा दादा किंवा ताई पकडतात, त्याला ‘कॅम्पस ॲम्बॅसडर’ म्हणायचं आणि दर ॲडमिशनमागे कमिशन द्यायचं. आम्हाला ज्याने सांगितलं तो दादा वॉर्डात सगळ्यांच्या मदतीला धावणारा, नोट्स देणारा, कॅज्युअल्टीत नाइट असली की स्वतःचा डबा वाटून खाणारा, आणि असा माणूस “मी पण यांच्याकडूनच करतोय” म्हणाला की पुढचं कोण विचारतं. तो करत वगैरे काहीच नव्हता, हे आम्हाला खूप नंतर कळलं. खरं सांगते, माझा कन्सल्टन्सीपेक्षा त्याच्यावर जास्त राग आहे, ते तर धंदाच करायला बसलेत, याने आमच्या ओळखीचे पैसे केले.

मग सीताबर्डीच्या एका हॉटेलात फ्री सेमिनार, कॉफी-समोसा, प्रोजेक्टरवर न्यूयॉर्क. नीट पीजीला दोन लाखांच्या वर पोरं बसतात, हवी ती ब्रँच मिळत नाही, वर सरकारी नोकरीचा बाँड, हे सगळं ते सांगतात आणि ते खोटं नाहीये, खऱ्या भीतीवरच तर दुकान चालतं. इंटर्नशिपमधे माणूस आधीच अर्धमेला असतो, दिवसभर सॅम्पल्स पळवा, आयव्ही लावा, रात्री पुस्तक उघडलं की झोप, त्यात कोणी सुटाबुटातला माणूस “डॉक्टर, तुमच्या पुढच्या पाच वर्षांचं आम्ही बघतो” म्हणाला की बरं वाटतं ना. आणि हो, दर वाक्यात ‘डॉक्टर’. आमच्या वॉर्डात सिस्टर पण आम्हाला ‘ए इंटर्न’ म्हणतात.

पॅकेज २ लाख ४० हजारांचं. त्यात स्टेप वन आणि स्टेप टू या यूएसएमएलईच्या टप्प्यांची तयारी, अमेरिकेत मॅच झालेला, म्हणजे तिथल्या पीजीची (रेसिडेन्सीची) सीट मिळालेला पर्सनल मेंटर, तीन रिसर्च पेपर, अमेरिकन हॉस्पिटलात डॉक्टरांचं काम बघायच्या दोन ऑब्झर्वरशिप, तीन एलओआर (शिफारसपत्रं) आणि ‘मॅच होईपर्यंत सपोर्ट’. ब्रोशर एकदम ग्लॉसी. त्यात तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं, स्टेप वनला २५० प्लस स्कोअरची लेखी गॅरंटी. आता स्टेप वनला स्कोअरच मिळत नाही, २६ जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा नुसती पास-फेल आहे! जे मार्क दिलेच जात नाहीत त्याची लेखी गॅरंटी. त्याच्या खाली ‘स्टेप टू सीएसचं (पेशंट तपासायच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं) हैदराबादला तीन दिवसांचं वर्कशॉप’. ती परीक्षा जानेवारी २०२१ मधेच बंद झाली, तिच्या जागी आता ईसीएफएमजीचे (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थेचे) पाथवेज, म्हणजे ते कौशल्य सिद्ध करायचे दुसरे मार्ग, आहेत आणि इंग्रजीसाठी ओईटी मेडिसिन द्यावी लागते. म्हणजे कोणाचं तरी जुनं ब्रोशर ढापून किंमत तेवढी नवीन टाकलेली. हॉलमधे एवढे होणारे डॉक्टर बसले होते, सीनियर दादा स्टेजवर टाळ्या वाजवत होता, एकानेही हात वर केला नाही. तुमच्या हातात असलं काही आलं तर आधी या दोन ओळी शोधा.

आता पैशाचं सांगते, खरा झोल इथे आहे. बाबा काटोलला झेडपीच्या शाळेत मास्तर, रिटायरमेंट जवळ आलेली. रामदासपेठेतल्या ऑफिसात त्यांना बसवून काउन्सेलर म्हणे, “काकाजी, काहून टेन्शन घेता, २४ हजार आज रजिस्ट्रेशन, बाकी महिन्याला फक्त नऊ हजार, चोवीस महिने, एक रुपयाही व्याज नाही.” हिशोब बरोबर बसतो, २ लाख १६ हजार. लोन हा शब्द एकदाही उच्चारला नाही, ‘फी इन्स्टॉलमेंट’ म्हणायचे. आधार, पॅन, सेल्फी, कॅन्सल्ड चेक, आणि लागोपाठ ओटीपी, “हा केवायसीचा, हा ॲग्रीमेंटचा, हा फक्त व्हेरिफिकेशनचा.” बाबांचा ईमेल नव्हता तर तिथल्या पोराने हसत हसत “मी बनवून देतो ना काकाजी” म्हणून स्वतःच्या मोबाइलवर आयडी बनवून दिला.

तो आयडी लक्षात ठेवा. कारण झालं काय, तर ते एका फायनान्स कंपनीचं बाबांच्या नावावरचं लोन होतं. कंपनीने पैसे थेट कन्सल्टन्सीला देऊन टाकले, स्वतःचा हिस्सा कापून, ‘बिनव्याजी’ची गंमत तिथेच असते. त्या दिवसापासून कन्सल्टन्सीला तुम्ही शिकलात काय नि नाही काय, काही फरक पडत नाही, तिचे पैसे आलेले असतात, आणि उधारी उरते ती तुमच्या बाबांची आणि फायनान्सवाल्यांची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार डिजिटल लोन देताना त्यांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, म्हणजे किती लोन, किती दर, कुठे तक्रार करायची हे सगळं एका कागदावर, आणि कमीत कमी एक दिवसाचा कूलिंग ऑफ पीरियड द्यावा लागतो ज्यात दंड न भरता लोन परत करता येतं. ते स्टेटमेंट त्यांनी पाठवलं होतं बरं का. पाठवलं होतं त्या पोराने बनवलेल्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड त्याच्याकडेच. बाबांना पहिल्यांदा कळलं ते दुसऱ्याच कंपनीच्या नावाने खात्यातून नऊ हजार कटल्याचा मेसेज आला तेव्हा. माझा स्टायपेंड १८ हजार, त्यातले अर्धे मी त्यांना पाठवायला लागली.

सर्व्हिसचं म्हणाल तर मेंटरचा पहिला व्हिडिओ कॉल छान झाला. मग एकाच नंबरवरून वेगवेगळ्या नावांचे मेंटर मेसेज करायला लागले. त्यातल्या एकाने मला सांगितलं, आता घाई नको, इंटर्नशिप संपली की क्लर्कशिप लावून देऊ. हे तर सरळ नुकसान करणारं होतं. जिथे हाताने पेशंट तपासायला मिळतो ती क्लर्कशिप किंवा इलेक्टिव्ह विद्यार्थी असतानाच मिळते, डिग्री हातात आली की बहुतेक ठिकाणी ऑब्झर्वरशिप, म्हणजे मागे उभं राहून बघायचं. मला हे सांगितलं आमच्याच कॉलेजच्या एका जुन्या सीनियरने, जो खरंच तिकडे रेसिडेन्सी करतो, आणि त्याने फोनवर सगळं फुकट समजावलं.

पेपरचं तर विचारूच नका. ‘पब्लिश झाला, अभिनंदन डॉक्टर’ असा मेसेज आणि पीडीएफ. उघडून बघते तर केस रिपोर्ट, ज्या हॉस्पिटलचा पेशंट तिथे मी आयुष्यात गेली नाही, नऊ ऑथर, त्यातले आठ कोण ते माहीत नाही, आणि माझं नाव सातवं. चेस्ट एक्स-रे उलटा छापलेला, हृदय उजवीकडे, आणि डेक्स्ट्रोकार्डियाचा, म्हणजे हृदय खरंच उजवीकडे असण्याचा, कुठे साधा उल्लेख नाही! नऊ डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेला पेपर म्हणे. जर्नल पबमेडमधे, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन यादीत, शोधलं तर नाहीच. मी मैत्रिणीला दाखवलं तर ती हसून हसून लोळली, मग तिनेच तिचं पीडीएफ उघडलं, तिच्या पेपरमधे तोच एक्स-रे.

यात हसण्यासारखं काही नाही पण. असला पेपर रेसिडेन्सीच्या अर्जात टाकला आणि इंटरव्ह्यूत कोणी त्यावर प्रश्न विचारला तर काय सांगणार? खोटी माहिती दिली तर ईसीएफएमजी त्याला ‘इरेग्युलर बिहेवियर’ म्हणते, त्याची चौकशी होते, सर्टिफिकेट अडकू शकतं आणि तो शिक्का रेकॉर्डवर राहतो. कन्सल्टन्सीवर नाही, तुमच्यावर. मी त्या जर्नलला नाव काढा म्हणून मेल केलाय, उत्तर नाही, पण मेलची कॉपी ठेवली आहे.

ऑब्झर्वरशिप निघाली झूमवर. शंभरेक जण, कॅमेरा बंद, एक डॉक्टर स्लाइड वाचून दाखवतोय, शेवटी अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा लोगो असलेलं सर्टिफिकेट. त्या हॉस्पिटलच्या खऱ्या वेबसाइटवरच्या एज्युकेशन ऑफिसला मेल टाकला तर दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की असा कुठलाही प्रोग्रॅम आमच्याकडे नाही. आणि एलओआर? तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ, “नाव तपासून घ्या, स्पेलिंग चुकलं असेल तर सांगा.” इरासमधे, म्हणजे रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जात, पत्र लिहिणारा डॉक्टर स्वतः त्याच्या लॉगिनने पोर्टलवर पत्र अपलोड करतो, विद्यार्थ्याच्या हातात ते येतच नाही आणि बहुतेक जण ते बघायचा हक्कही सोडून देतात, तेव्हाच त्या पत्राला किंमत असते. त्यामुळे कोणी तुमच्या हातात एलओआर ठेवत असेल तर त्याची रद्दी.

‘मॅच गॅरंटी’बद्दल पण एक आकडा सांगून ठेवते, त्यांच्या सेमिनारमधे तो कधीच येत नाही. २०२४ च्या मॅचमधे अमेरिकन नागरिक नसलेल्या, बाहेरून शिकून आलेल्यांपैकी साधारण ५८ टक्क्यांना सीट मिळाली, आणि ते सगळे परीक्षा पास होऊन अर्ज केलेले लोक. वाईट नाहीये, पण गॅरंटी कोणाच्या बापाला देता येणार नाही.

रिफंड मागितला तर करारनाम्याचं चौथं पान दाखवलं. सर्व्हिस एकदा ‘ॲक्टिव्हेट’ झाली की पैसे परत नाहीत, आणि ॲक्टिव्हेट म्हणजे काय तर लॉगिन तयार होणं, जे त्यांनी सही झाल्या झाल्या तिथेच करून टाकलं होतं. वाद झाला तर फक्त दिल्लीत, तेही लवाद. बाबा म्हणाले जाऊ दे बाई, दिल्लीला कोण जाईल. बरेच पालक इथेच सोडून देतात, आणि क्लॉज त्यासाठीच टाकलेला असतो. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, आणि दोन वर्षांच्या आत करायची. ऑनलाइन ई-जागृतीवर होते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कन्सल्टन्सीचा लगेच फोन, तीस टक्के देतो, रिव्ह्यू काढा आणि काहीही तक्रार नाही असं लिहून द्या. नाही दिलं लिहून.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा म्हणाले की करार आहे, दिवाणी मामला आहे. मग वकिलांच्या सांगण्यावरून लेखी अर्ज केला, त्यात भर कराराच्या वादावर नाही, तर बनावट ईमेल, खोटं सर्टिफिकेट आणि हॉस्पिटलचं उत्तर यावर दिला, पोच घेतली, आता चौकशी सुरू आहे. तुम्ही गेलात तर तोंडी सांगत बसू नका, कागद लावूनच जा.

गाइडन्स घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. चांगली क्वेश्चन बँक विकत घ्या, तिला पैसे लागतातच. पण परीक्षेचा फॉर्म, ईसीएफएमजीचं खातं, इरास, ओईटी हे सगळं स्वतःच्या लॉगिनने, स्वतःच्या ईमेलवरून होतं, मधे कोणी लागतच नाही. रिसर्च करायचा असेल तर आयसीएमआरची एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची छोटी रिसर्च योजना, आहे, तिथे अंडरग्रॅज्युएट असतानाच अर्ज करायचा असतो आणि उलट तेच स्टायपेंड देतात, आपल्याच डिपार्टमेंटचे सर किंवा मॅडम गाइड असतात. खरा पेशंट, खरा एक्स-रे.

आता ज्यांचं लोन आधीच झालंय त्यांच्यासाठी. रागाच्या भरात खातं रिकामं करून ईएमआय बाउन्स करू नका. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, कन्सल्टन्सीशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडा, ईमेल आयडी आपला नाही आणि की फॅक्ट स्टेटमेंट आपल्याला मिळालंच नाही हे स्पष्ट लिहा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर टाका, माहितीसाठी १४४४८. आमच्या केसमधे लोकपालाकडे गेल्यावर फायनान्सवाल्यांनी कटिंग थांबवलंय, कायमचं की तात्पुरतं ते अजून सांगत नाहीत. बॅचमधल्या एकाने रागाने सरळ पैसे भरणं बंद केलं, प्रत्येक बाउन्सचा दंड लागत गेला, वडिलांचा सिबिल पडला आणि पेरणीच्या तोंडावर त्यांचं ट्रॅक्टरचं कर्ज बँकेने नाकारलं.