बक्षीसपत्र की मृत्युपत्र? नागपुरातले घर अमेरिकेतल्या मुलीला देताना

धरमपेठेतले निवासी घर मुलीच्या नावे बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. स्वस्त वाटते, म्हणून अनेक आईवडील हाच मार्ग धरतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी ऐच्छिक.

खरा फरक घर विकताना कळतो. नफ्यावरचा कर मोजताना भारतात दोन्ही मार्गांत आईवडिलांचीच मूळ खरेदी किंमत धरतात. अमेरिकेत मात्र बक्षिसाला जुनी किंमत लागते, वारशाला मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत. घर 8 लाखांना घेतलेले आणि आज 1.5 कोटींचे असेल, तर बक्षिसात जवळपास सगळी वाढ तिथे करपात्र ठरते. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे तिथल्या करातून वजावट, मिळूनही बोजा उरू शकतो. म्हणून मृत्यूनंतर लगेच नोंदणीकृत मूल्यांककाचा त्या तारखेचा अहवाल घ्या. वर्षांनी तो जुळवणे फार कठीण जाते.

काटोलकडची संत्र्याची बाग असेल तर प्रश्नच मिटतो: अनिवासी मुलीला शेतजमीन बक्षीस देता येत नाही, वारशाने मिळू शकते.

दोन्ही मार्गांत एक काम सारखेच. वर्षभरात मिळालेले मूल्य 1,00,000 डॉलरच्या वर गेले, तर अमेरिकेत राहणाऱ्या मुलीने फॉर्म 3520 भरायचा, म्हणजे परदेशातून मिळालेल्या बक्षिसाची किंवा वारशाची तिथल्या कर खात्याला माहिती द्यायची. कर नसतो, पण चुकल्यास दंड त्या मूल्याच्या दरमहा 5 टक्के, कमाल 25 टक्के.

बक्षीसपत्र नोंदले की सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते. आईवडील त्याच घरात राहत असतील, तर आम्ही मृत्युपत्रच सुचवू.