व्हॉट्सॲप बिझनेस: मसाल्याचा अख्खा हंगाम काढल्यावर

आमचा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती ब्रँड. चव सासूबाईंच्या हातची, फोन माझ्याकडे. मार्च ते मे खरी धांदल. गेला अख्खा हंगाम आणि नंतरची दिवाळी या ॲपवर काढली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ॲप 2018 पासून आहे, फुकट आहे आणि दिसायला नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखंच. अर्धं काम तिथंच होतं. पुण्याच्या साठीतल्या काकू वेबसाइटवरचा फॉर्म भरायच्या नाहीत, पण "मागच्यासारखाच एक किलो, तिखट जरा बेतानं" असा व्हॉइस मेसेज बिनधास्त टाकतात. मोठ्या कंपन्यांनाही हे कळलंय. जिओमार्टनं ऑगस्ट 2022 मध्ये किराणा थेट चॅटमध्येच विकायला घेतला.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या मालाच्या यादीत, पाचशे वस्तू मावतात, आमच्या मूठभरच. पाव, अर्धा, एक किलो अशा वजनागणिक वेगळ्या नोंदी केल्यात. फोटोवर आम्ही बरीच मेहनत घेतली, पण खरा फरक पडला वर्णनानं. "संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, सुकं खोबरं, तीळ, रंग नाही" एवढं लिहिल्यावर "तिखट किती आहे?" हा प्रश्न निम्म्यावर आला. उरलेल्यांसाठी क्विक रिप्लाय: स्लॅश देऊन ठरवलेला छोटा शब्द टाकला की तयार उत्तर समोर. गिऱ्हाइकानं कार्ट पाठवली की यादी आणि अंदाजे रक्कम एकाच मेसेजमध्ये येते. त्यात कुरियरचा खर्च धरलेला नसतो, त्यामुळे "वरचे पैसे कसले?" हा संवाद ठरलेला. त्यालाही आता क्विक रिप्लाय आहे.

मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे चॅटला लावायची लेबलं. "पैसे बाकी", "पैसे आले", "पार्सल गेलं". आधी हे वहीत असायचं, आणि वहीवर हळदीचे हात लागायचे.

ब्रॉडकास्टकडून, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवण्याकडून, मात्र फार आशा ठेवू नका. एका यादीत 256 जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पाकिटावरच "नंबर सेव्ह करा" छापून घेतलं. एक एजन्सी हजारोंना एकदम मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर गळ्यात मारायला आली होती. असल्या उद्योगांनी नंबरच बंद होऊ शकतो. आमची सगळी गिऱ्हाइकं त्या एका नंबरवर, त्यामुळे एजन्सीवाल्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

नवं गिऱ्हाईक मात्र यातून आपोआप येत नाही. ते गूगलवर "कांदा लसूण मसाला" शोधतं, आणि तिथं दिसायला स्वतःचं पान लागतं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गूगलवरच्या धंद्याच्या नोंदीवरून, फुकट बनणाऱ्या वेबसाइट गूगलनं मार्च 2024 मध्ये बंद केल्या. जूनपर्यंत जुना पत्ता प्रोफाइलकडे वळत होता, पुढं तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पाकिटांवर छापला होता त्यांचं काय झालं असेल! आम्ही स्वतःचं डोमेन घेतलं, साइट अगदी साधी ठेवली. आधीच्या डिझाइनमध्ये फिरते बॅनर होते, गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडेस्तोवर माणूस कंटाळायचा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे. बॅनर काढले, फोटो हलके केले, खाली एकच बटण ठेवलं: व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या.

एपीआय, म्हणजे व्हॉट्सॲप आपल्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय, घ्यायचं का, असं बरेच जण विचारतात. ते वेगळं आणि पैशांचं प्रकरण, जुलै 2025 पासून आकारणी मेसेजागणिक होते. रोज शेकड्यांनी ऑर्डरी असतील तर बघा. आमचं फुकटच्या ॲपवर नीट भागतं: फोनशिवाय आणखी चार ठिकाणी तेच खातं जोडता येतं, त्यामुळे मुलगा लॅपटॉपवर पत्ते काढतो आणि मी फोनवर भाव सांगत बसते.