गीझरचा सोलर डायव्हर्टर: नेट मीटर असेल तर नको

छपरावरच्या सोलरची उरलेली वीज ग्रिडला न सोडता गीझरकडे वळवणारी ही पेटी. मेन लाइनवर सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरमधला प्रवाह मोजणारा चिमटा, अडकवायचा. वीज बाहेर जायला लागली, की पेटी ती कॉइलला देते: ७०० वॅट उरले तर ७००, दोन हजार उरले तर दोन हजार. काम चोख आहे, पण गोव्यात ती फार थोड्या घरांच्या उपयोगाची.

नेट मीटरमध्ये ग्रिडला दिलेलं युनिट ग्रिडकडून घेतलेल्या युनिटात वळतं होतं. मग पाणी दुपारी तापवलं काय नि पहाटे तापवलं काय, बिल तेवढंच. रात्रीच्या स्वस्त विजेचा हिशेबही इथे लावू नका. २०२३च्या केंद्रीय नियमांप्रमाणे स्मार्ट मीटरवर टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर लागला, की स्वस्त तास दिवसाचे, सौर तासांचे. दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. त्यासाठी साधा टायमर पुरतो. तो बॅटरी बॅकअपवाला, डिजिटल घ्या. तबकडीवाला प्रत्येक वीजखंडात मागे पडतो आणि पावसाळा संपता संपता दुपारचा गीझर रात्री चालू व्हायला लागतो.

हिशेब सोपा आहे. २५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.९६ युनिट लागतं. २ किलोवॅटची कॉइल ते अर्ध्या तासात करते, ७०० वॅटवर जवळजवळ दीड तास. थंड पाणी मिसळून ४० अंशांचं ६० लिटरच्या वर होतं, म्हणजे मोठ्या तीन बादल्या. ३ लिटरच्या इन्स्टंट गीझरला डायव्हर्टर लावणं व्यर्थ, साठवायला टाकीच नाही.

खरा फायदा नेट मीटर नसलेल्या घरात. पण तिथेच गोची आहे: इन्व्हर्टर झीरो एक्स्पोर्टवर (ग्रिडला वीज न सोडण्याच्या सेटिंगवर) असेल तर तो उत्पादनच दाबतो, वीज बाहेर जात नाही आणि डायव्हर्टरला उरलेलं काही दिसतच नाही. अशा ठिकाणी हायब्रिड (बॅटरी जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरच्या स्मार्ट लोड आउटपुटवर, म्हणजे ठरवलेल्या पातळीलाच चालू होणाऱ्या जोडणीवर, गीझर घ्या, बॅटरी ९० टक्के भरल्यावर चालू होईल असा.

तरीही पेटी घेतलीच, तर सीटीवरचा बाण तपासा. क्लॅम्प उलटा बसला, की घेतलेली वीज पेटीला उरलेली वाटते आणि रात्री गीझर पूर्ण ताकदीने ग्रिडवर चालतो. थ्री-फेज घरात सोलर एका फेजवर, गीझर दुसऱ्यावर असेल तर मोजमापच चुकतं. डिस्प्ले किंवा वायफाय असलेला गीझर नको, पेटीतून येणाऱ्या तुटक विजेवर त्याचा बोर्ड जातो. साधा थर्मोस्टॅटवाला बरा. वायर २.५ चौरस मिमी, १६ अँपिअर एमसीबी, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). पेटीतला सॉलिड-स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) पूर्ण भाराला सुमारे १० वॅट उष्णता सोडतो, म्हणून ती बंद कपाटात नको. न्हाणीतही नको, आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडतात, दर पावसाळ्यानंतर मेन बंद करून स्क्रू आवळून घ्या. जून-जुलैत उरलेल्या विजेवर पाणी कोमटच राहील, तेव्हा पहाटे ग्रिडवर पाणी तापवणारं बूस्ट बटण चालू ठेवा.